टर्निपच्या पायाखालची पेटी

मित्रांनो, मी संत्र्यांची जुनी पेटी आहे, आणि आयुष्यात एकही संत्रं मी वाहिलेलं नाही. हसू येत असेल तर हसून घ्या, मला त्याची सवय आहे.

माझा जन्म पोमोना गावच्या संत्री पेट्यांत भरायच्या कारखान्यात झाला. डोंगरातून आलेल्या पाइनच्या फळ्या, चार बाजूंना खिळे, मधे एक आडवी पट्टी, की झाली पेटी तयार. माझ्या बहिणी फळं भरून आगगाडीने दूरदूरच्या थंड गावांना गेल्या. माझ्या फळीत मात्र मधोमध भली मोठी गाठ निघाली. मुकादमाने मला पायानेच उलटीपालटी करून पाहिलं आणि म्हणाला, "ही सरपणात टाका."

तिथेच माझी गोष्ट संपली असती. पण टेबलाशी उभी असलेली एक बुटकी मुलगी म्हणाली, "सरपणात कशाला? मला द्या. माझे हात टेबलावर पुरत नाहीत."

"तुझी अक्कलही पुरत नाही," मुकादम म्हणाला.

"असेल. पण उसनी मागायची वेळ आली तर तुमच्याकडे नाही येणार. तुमच्याकडे आधीच टंचाई."

हे ती मुकादमाच्याच आवाजात बोलली. तोच घोगरा सूर, मधेच तोच खाकरा. टेबलाभोवतीच्या बायका फळं खाली ठेवून हसल्या. मुकादमाने मला तिच्याकडे ढकललं आणि तो निघून गेला. ती एफी प्रुइट. त्या दिवसापासून मी तिच्या पायाखाली आहे, आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

एफीचं घर मूळचं ओक्लाहोमातलं. धुळीच्या वादळांनी शेत उडवून नेलं, तेव्हा बकऱ्या विकून ती आणि तिची आई पश्चिमेला आल्या. बकऱ्या गेल्या, पण त्यांचे आवाज एफीने जपून ठेवले होते. भुकेली बकरी, रुसलेली बकरी, चोरी पकडली गेलेलं करडू, सगळे निरनिराळे. पातळ कागदात संत्री गुंडाळता गुंडाळता ती ते काढून दाखवायची आणि बायकांचा दिवस बरा जायचा.

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली वर्तमानपत्रात जाहिरात आली. हॉलिवूडमधल्या एका कार्टूनच्या स्टुडिओला प्राण्यांचे आवाज काढणारी माणसं हवी होती. एफीने माझ्यात मक्याचा पाव, एक सदरा आणि कंगवा टाकला, मला काखेत मारलं आणि लाल ट्राम पकडली.

स्टुडिओ म्हणजे बेकरीच्या मागची पत्र्याची लांबट इमारत होती. दाराबाहेर पुरुषांची रांग. कुणी भुंकत होता, कुणी आरवत होता, एक जाडे गृहस्थ टोपी छातीशी धरून अगदी गंभीरपणे हंबरत होते. एफी त्यांच्या मागे उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा माईक तिच्या डोक्याच्या वर, आणि त्याचा स्क्रू जाम. आवाज मुद्रित करणारा ओटिस वेंडेल हातोडी शोधायला निघाला. एफीने माझ्यातलं सामान काढलं, मला जमिनीवर उपडं ठेवलं, ती वर चढली आणि म्हणाली, "हातोडी राहू द्या. मी आले वर."

काचेच्या पलीकडे मुख्य चित्रकार बसला होता. त्याचं नाव सॉल पिंकस. नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्याने विचारलं, "एक करडू आहे. कोबीचं अख्खं शेत खाल्लंय त्याने. मालकाने पकडलंय. तोंडात अजून पान आहे. काय म्हणेल?"

एफीने गाल फुगवले, डावा पाय उचलला, उजवी टाच माझ्या पाठीवर टकटक नाचवली आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "मी फक्त वास घेत होतो, आईशपथ."

बाहेर रांगेतलं हंबरणं थांबलं. सॉलने कानावरची पेन्सिल काढली आणि ती पुढची नऊ वर्षं काही परत कानावर गेली नाही, असं ओटिस म्हणायचा. ओटिसला वाढवून सांगायची खोड होती, पण टर्निप नावाचं आमचं करडू त्या दिवशी जन्मलं हे खरं.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की आधी चित्र काढतात आणि मग त्याला आवाज चिकटवतात. आमच्याकडे उलटं होतं. आधी आवाज, मग चित्र. एफी बोलायची, आणि सॉल काचेतून तिच्याकडे बघत कागदावर रेघा ओढायचा. तिच्या भुवया, तिचे फुगलेले गाल, तिची नाचणारी टाच, सगळं करडाच्या अंगात उतरायचं. टर्निप घाबरला की एफी एका पायावर. टर्निप पळाला की एफी माझ्यावर जागच्या जागी पळायची. मग माझे सांधे वाजायचे. अहो, खिळे ठोकलेली पेटी मी, वाजणार नाही तर काय?

ओटिसच्या मात्र कपाळाला आठ्या पडायच्या. "एफी बये, तुझं करडू गोड आहे, पण खालून म्हातारी कण्हतेय बघ. सगळं मुद्रण वाया गेलं."

"मग म्हातारीच्या अंगावर काहीतरी घाल की," एफी म्हणायची.

शेवटी ओटिसने घरून जुन्या गालिच्याचा तुकडा आणला आणि माझ्या पाठीवर ठोकला. मऊ, तांबडा, किनारीला फुलं असलेला. खरं सांगते, त्या दिवशी मी थोडी शेफारले. सरपणात जाणाऱ्या पेटीच्या अंगावर कुणी गालिचा पाहिलाय का?

टर्निप लोकांनी डोक्यावर घेतला. थिएटरात मोठ्या सिनेमाच्या आधी आमचं सात मिनिटांचं चित्र लागायचं, आणि पोरं त्यासाठीच आयांचे हात ओढत यायची. रस्त्यात, शाळेत, जेवणाच्या टेबलावर एकच बोल ऐकू यायचा. कुणाचा केक पळवला, मी फक्त वास घेत होतो. कुणाची पेन्सिल उचलली, मी फक्त वास घेत होतो. टर्निपच्या बाहुल्या निघाल्या, टर्निपचा साबण निघाला. स्टुडिओचे मालक क्रॅडॉकसाहेब कापसाचा टर्निप काखेत घेऊन वर्तमानपत्रांत झळकले.

एफीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. चित्राच्या सुरुवातीला पाटी यायची. तिच्यावर मालकाचं नाव, दिग्दर्शकाचं, सॉलचं, संगीत देणाऱ्याचं. आवाज देणाऱ्याचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. एफीलाही आधी त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणायची, "पोरं हसतात ना, झालं तर."

पण एका सोमवारी ती पोमोनाहून परतली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. माझ्यावर बसून तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला. ओटिसने विचारलं, "काय गं, आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. चर्चमधल्या बायकांना बरं नाही."

"म्हणजे?"

"त्यांनी आईला विचारलं, तुमची एफी हॉलिवूडात नक्की करते काय? आई म्हणाली, बकरी होते. तेव्हापासून त्या दर रविवारी तिला 'पाय' आणून देतात, तो भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. सफरचंदाचा. बिचारीची पोरगी वाया गेली म्हणून. आई म्हणते, एफे, मी तुझ्यावर विश्वास ठेवते, पण एकदा नाव दाखव की गं मला. मी त्यांच्या तोंडावर मारते."

ओटिस हसायला गेला आणि त्याला हसू येईना. मला तर फार वाईट वाटलं. या मुलीच्या टाचेचा प्रत्येक ठोका मी सोसलेला, आणि तिच्या आईला लोकांच्या दयेचा तो गोड पाय गिळावा लागतो, हे कसलं हो?

दुसऱ्या दिवशी क्रॅडॉकसाहेब मुद्रणाच्या खोलीत आले. एफी माझ्यावर उभीच होती. ती उतरली नाही. म्हणाली, "साहेब, पुढच्या चित्राच्या पाटीवर माझं नाव घाला. एक ओळ. सगळ्यात खाली चालेल."

"तशी पद्धत नाही," साहेब म्हणाले.

"पद्धत पाडा की. स्टुडिओ तुमचाच आहे."

"एफी, पोरांना टर्निप खरा वाटतो. आत एक बाई आहे हे कळलं, तर सगळी मजा गेली."

"पोरांना सॉल चित्र काढतो हे कळतं. तरी मजा जात नाही."

साहेब चिडले. "चित्राची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "आवाज काय, कुणीही काढेल. लोक बघायला येतात, ऐकायला नाही."

एफी माझ्यावरून खाली उतरली. अगदी हळू उतरली. "मग कुणाकडून तरी काढून घ्या," ती म्हणाली आणि कोट घेऊन चालू लागली. रागाच्या भरात मला न्यायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. मी कोपऱ्यात तिची वाट बघत राहिले.

तिच्या जागी साहेबांनी रेडिओवरचे नावाजलेले नट आणले, रेजिनाल्ड वेन. उंच माणूस, रेशमी गळपट्टा, आवाज तर मधासारखा. त्यांनी मला बुटाच्या टोकाने बाजूला सारलं. "हे लाकूड इथे कशासाठी?" त्यांनी विचारलं. मग दारातून वारा येऊ नये म्हणून कुणीतरी मला दाराशी लावलं, आणि माझ्यावर रंगाचे डबे आले. गालिच्यावर निळा ओघळ पडला. तो अजून आहे.

वेनसाहेब माईकसमोर खांबासारखे उभे राहायचे. रेडिओवर तीच शिस्त असते म्हणे. हलायचं नाही, पायाचा आवाज नाही, कागदाची सळसळ नाही. ओटिसने कानावरची यंत्रं काढली आणि म्हणाला, "इतकं स्वच्छ मुद्रण मी जन्मात केलं नाही. एक कुरकुर नाही." क्रॅडॉकसाहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, म्हातारी गेली आणि कण्हणं गेलं."

ते मला फार लागलं. मी विचार करत बसले की इतकी वर्षं मी एफीच्या कामात नुसता अडथळाच होते की काय.

पण काचेच्या पलीकडे सॉल कोरा कागद घेऊन बसला होता. त्याने तो आवाज पुन्हा ऐकला. मग पुन्हा ऐकला. त्याने करडू काढलं, फाडलं, दुसरं काढलं, तेही फाडलं. दुपारपर्यंत त्याच्या खुर्चीभोवती कागदांचा ढीग झाला.

"काय अडलंय?" साहेबांनी विचारलं.

"आवाज छान आहे," सॉल म्हणाला. "पण याला पाय नाहीत. हे करडू कुठे उभं आहे तेच मला कळत नाही."

"तुम्हा चित्रकारांचे नखरे. जुनी चित्रं बघून काढा."

सॉलने जुनी चित्रं बघून काढलं. टर्निप दिसायला तोच झाला. तीच शिंगं, तीच शेपटी.

नवं चित्र बाहेर सोडण्याआधी ते एखाद्या साध्या थिएटरात गुपचूप दाखवून लोक हसतात का ते बघायची आमच्याकडे रीत होती. तसं ते ग्लेंडेलला दाखवलं. मी तिथे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी ओटिसने सगळ्यांना सांगितलं ते मी दाराशी पडल्या पडल्या ऐकलं. टर्निप पडद्यावर आला तेव्हा पोरांनी नेहमीसारख्या आरोळ्या ठोकल्या. तो बोलायला लागला आणि आरोळ्या विरल्या. त्याने शेतकऱ्याची टोपी खाल्ली, शेतकऱ्याने त्याला पकडलं, आणि सगळी पोरं पुढे सरकून बसली. वेनसाहेबांचा मधाळ आवाज म्हणाला, "मी फक्त वास घेत होतो, आईशपथ."

कुणी हसलं नाही. क्रॅडॉकसाहेबांच्या पुढच्याच खुर्चीत एक चिमुरडी होती. तिने बापाला मोठ्याने विचारलं, "बाबा, टर्निपला ताप आलाय का?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी ते दहा वाजताच मुद्रणाच्या खोलीत आले आणि म्हणाले, "ओटिस, ती पोमोनात कुठे राहते?" ओटिसने माझ्यावरचे डबे उचलले, मला झटकलं आणि काखेत घेतलं. "ही तिची आहे," तो म्हणाला. "जातोच आहोत तर परत देऊ." साहेबांच्या चकचकीत गाडीच्या मागच्या गादीवर बसून मी माहेरी निघाले.

एफी पुन्हा जुन्या कामावर लागली होती, म्हणून आम्ही थेट कारखान्यात गेलो. कारखाना तसाच होता. एफी टेबलाशी होती, दुसऱ्याच कुठल्यातरी पेटीवर उभी. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू? तिने साहेबांना पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. संत्रं उचल, कागदात गुंडाळ, ठेव.

साहेब टोपी हातात घेऊन म्हणाले, "एफी, झालं गेलं विसरून जा. उद्यापासून ये."

"नाव?" एफीने विचारलं.

"पगारात वाढ करतो."

"नाव?"

"अगं, पोरांना कळेल ना की आत दुसरं कुणीतरी आहे."

"ते त्यांना कळलंय, साहेब. म्हणून तर तुम्ही इथवर आलात."

आता सगळ्या बायकांचे हात थांबले. संत्री वाहून आणणारा पट्टा मात्र चालूच होता. संत्री येत राहिली, साचली आणि टेबलावरून खाली पडू लागली. एक साहेबांच्या बुटावर पडलं. मुकादम ओरडत आला, "काय चाललंय इथे?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एफीची आई काम करत होती. तीही लेकीएवढीच बुटकी. ती म्हणाली, "थांबा जरा. माझ्या पोरीचं नाव चाललंय." मग तिने साहेबांना नीट न्याहाळलं. "तुम्हीच का ते, बकरीचे मालक? बसा. सफरचंदाचा पाय देऊ का? आमच्याकडे खूप आहे."

बायका हसल्या. साहेब लाल झाले. त्यांनी ओटिसकडे पाहिलं, तर ओटिस मला एफीच्या पायाशी ठेवण्यात गुंतला होता. पडणाऱ्या संत्र्यांकडे बघत साहेब शेवटी म्हणाले, "ठीक आहे. एक ओळ. सगळ्यात खाली."

"आणि ती असेल तेव्हाच मी तोंड उघडेन," एफी म्हणाली. मग ती त्या परक्या पेटीवरून उतरली आणि माझ्यावर चढून तिने टाच आपटली. मी जोरात कुरकुरले. ओटिस म्हणाला, "हं. आता बरं वाटलं कानाला."

ते चित्र एफीने पहिल्यापासून पुन्हा बोलून काढलं. सॉलने फाडलेल्या कागदांच्या जागी नवे कागद भरले. आणि मित्रांनो, ते चित्र पोमोनाच्या थिएटरात लागलं त्या शनिवारी काय सांगू मी तुम्हाला. कारखान्यातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. चर्चमधल्याही आल्या, टोप्या घालून, मुद्दाम मागच्या रांगेत बसल्या. आईला पुढच्या डोक्यांमुळे दिसणार नाही म्हणून एफीने मलाही नेलं होतं.

दिवे मालवले. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. आई खुर्चीत गर्रकन मागे वळली. "गप्प बसा गं," ती म्हणाली, "माझ्या पोरीचं नाव येतंय. तोंडं मिटा आणि डोळे उघडा. नंतर मला म्हणू नका दिसलं नाही." हे सांगून होईपर्यंत पाटी येऊन गेली होती. आईने तोंड फिरवलं तेव्हा टर्निप पडद्यावर कोबी खात होता.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं, आई," एफी म्हणाली.

तेव्हा एकदा तिकीट काढलं की दिवसभर बसायची मुभा असे. आई जागची हलली नाही. टर्निपला पोरं खो खो हसली. मग बातमीपट झाला, मग घोडेस्वारांचा लांबलचक सिनेमा झाला, गोळीबार झाला, नायकाचं लग्न झालं. आई हाताची घडी घालून बसून राहिली. तिच्यासाठी सगळ्या बायका बसून राहिल्या. आणि काय गंमत, मागच्या रांगेतल्या टोप्याही हलल्या नाहीत.

पुन्हा टर्निपची धून वाजली. एफीने मला दोन रांगांमधल्या वाटेत ठेवलं आणि म्हणाली, "आई, चढ." आई माझ्यावर उभी राहिली. मी त्या दिवशी एकही सांधा वाजू दिला नाही. मालकाचं नाव गेलं, सॉलचं गेलं, संगीतवाल्याचं गेलं. सगळ्यात खाली एक ओळ उमटली आणि आईने ती अक्षर अक्षर लावून, अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशी वाचली. "टर्निपचा आवाज, एफी प्रुइट."

मागून एक माणूस खेकसला, "ओ बाई, खाली बसा. चित्र दिसत नाही."

"चित्र नंतर बघा," आई म्हणाली. "आधी वाचा."

त्यानंतर एफीने कितीतरी वर्षं टर्निपला जगवलं, आणि प्रत्येक पाटीवर तिची ओळ राहिली. आता आम्ही दोघी तिच्या घराच्या मागच्या ओसरीत असतो. तिचे गुडघे दुखतात आणि माझे खिळे सैल झालेत. मला कुणी रंगवावं, मखरात ठेवावं अशी माझी अजिबात इच्छा नाही. माझं मागणं निराळं आहे. मित्रांनो, पडद्यावर नावं येतात तेव्हा खाऊच्या पुड्या उघडत बसू नका, शेजारच्याशी गप्पा मारू नका. त्यातली बहुतेक माणसं तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, आणि तुम्ही हसणार आहात ते त्यांच्यामुळेच. म्हणून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्या माणसाला विचारा. पण वाचल्याशिवाय हसायला लागू नका.